रेसकोर्सवरून आमच्या गोठ्यात

रेसच्या घोड्याचं कामाचं आयुष्य फार तर चार-पाच वर्षांचं. दोन वर्षांचा असताना तो ट्रॅकवर येतो, सहा-सात वर्षांचा झाला की उतरतो. जनावर मात्र वीस-पंचवीस वर्षं जगतं. ज्याने मोठ्या शर्यती मारल्या तो नर स्टड फार्मवर जातो. मादी चांगल्या घराण्यातली असेल तर तिलाही पैदाशीसाठी ठेवतात. उरलेले कुठे रायडिंग क्लबात, कुठे पोलिसांच्या पागेत, कुठे वरातीत. काहींचं पुढे काय होतं ते कोणी विचारतही नाही. आमच्याकडे आलेली घोडी या उरलेल्यांतली.

माझा मावसभाऊ पुण्यात रेसकोर्सवर नालबंदाच्या हाताखाली काम करतो. पुण्याचा रेसचा सीझन पावसाळ्यात असतो, तो संपला की सगळा लवाजमा मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सला जातो. 2022 चा पुण्याचा सीझन संपता संपता त्याचा फोन आला. "दादा, एक घोडी हाये. पाय गेला तिचा. मालक फुकट देऊन रायला, पन घर चांगलं पायजे म्हन्ते. तुयाजवळ वावर हाये, चारा हाये. घेतं का?"

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. काळी माती, कापूस-तूर-सोयाबीन, एक बैलजोडी, एक गाय. घोड्याशी आमच्या घराण्याचा संबंध लग्नातल्या वरातीपुरता. घरच्यांनी वेड्यात काढलं. बाबा तेवढे गप्प होते. काही वर्षांपूर्वी सोयाबीन सोंगताना त्यांना घोणस चावली होती आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात सापाच्या विषावरच्या औषधाने ते वाचले. ते औषध घोड्यापासून बनतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात उतारा तयार होऊ देतात आणि मग त्या रक्तातून तो काढून घेतात. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे याच कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, आणि त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हे मी एकदा बाबांना वाचून दाखवलं होतं. ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. "येऊ दे," एवढंच म्हणाले.

फुकट म्हटलं तरी घोडी अशी उचलून आणता येत नाही. थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच्या जातीच्या घोड्याला पासपोर्ट असतो. त्यात घोड्याची बाह्याकृती छापलेली असते आणि तिच्यावर कपाळावरचा टिळा, पायांवरचा पांढरा रंग आणि अंगावरचे केसांचे भोवरे हाताने काढलेले असतात. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली मायक्रोचिप असते, तिचा नंबर त्याच पुस्तिकेत. मालकाने लिहून दिलं की ही घोडी यापुढे शर्यतीत पळणार नाही. रक्ताचा नमुना ग्लँडर्ससाठी तपासायला हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला. हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो. जनावर बाधित निघालं तर ठार करावंच लागतं, त्यामुळे या कागदाशिवाय घोडी आणायचा विचारही कोणी करू नये. अहवाल यायला वेळ लागला. माझ्या मते सगळ्या कागदांतला हाच एक खरा महत्त्वाचा कागद होता, बाकीचे मानाचे.

जानेवारी 2023 मध्ये ती आली. पुणे, नगर, संभाजीनगर, तिथून नुकताच सुरू झालेला समृद्धी महामार्ग धरून कारंजापर्यंत आणि मग आमचा नेहमीचा खड्ड्यांचा रस्ता. मावसभाऊ गाडीत तिच्याजवळ उभा. डोक्याची दोरी त्याने मुद्दाम लांब ठेवली होती. घोड्याचं डोकं तासन् तास वर बांधून ठेवलं तर नाकातली घाण, धूळ खाली उतरत नाही, छातीत जाते आणि प्रवास संपल्यावर दोन दिवसांनी निमोनिया होतो. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून पाणी आणि मान खाली करायला वेळ. बैल नेतो तसा घोडा नेता येत नाही, हे मला तिथेच कळलं.

पोराटोरांसकट अर्धा गाव जमला होता. घोडी खाली उतरली, नाकपुड्या फुलवून उभी राहिली. अंग तपकिरी, आयाळ-शेपूट-पाय काळे. घोडेवाले ज्याला कुमैत म्हणतात तो रंग. पुढच्या डाव्या पायाची मागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, गुडघ्याखाली केळ्यासारखी बाहेर वळलेली. शर्यतीत सगळ्यात आधी जाते ती हीच शीर. पळताना एका क्षणी जवळजवळ सगळं वजन एका पुढच्या पायावर येतं, आणि थरोब्रेडचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. पोट आत, पुठ्ठा टणक, एका ठिकाणी उभं राहणं नाही. "हे कायची घोडी, हे तं हरीण हाये," कोणीतरी म्हणालं.

गावातले एक म्हातारे मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून, म्हणजे नांदेडकडच्या मालेगावातून, पूर्वी घोडे आणत. त्यांनी गळ्याखाली हात फिरवून भोवरा शोधला. "देवमन हाये. शुभ हाये, ठेव." मी पासपोर्ट उघडून दाखवला. नेमका तोच भोवरा त्या चित्रात गळ्याजवळ काढलेला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी ओळख पटावी म्हणून नोंदवला, आमच्या या म्हाताऱ्यांनी नशीब कळावं म्हणून. म्हातारे खूश झाले. आपली विद्या सरकारी कागदावर आहे असं त्यांनी पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगितलं. पासपोर्ट सरकारी नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पासपोर्टवरचं इंग्रजी नाव आईच्या जिभेवर बसेना. तिने मैना म्हणायला सुरुवात केली.

मैनेची कारकीर्द मावसभावाने मला रात्री बसून समजावून सांगितली. ती 2017 ची. तारीख कुठलीही असो, आपल्याकडे रेसच्या हिशेबात प्रत्येक घोड्याचा वाढदिवस 1 जानेवारीला. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं शिंगरू दोन-चार दिवसांत एक वर्षाचं ठरतं, आणि म्हणून स्टड फार्मवाल्यांची सगळी धडपड जानेवारी-फेब्रुवारीत शिंगरू पाडण्याची असते. मैना एप्रिलची, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान. तीन वर्षांची असताना तिने बाराशे मीटरची पहिली शर्यत जिंकली. मग वरच्या वर्गात गेली आणि तिथेच अडकली. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, मागे पडणाऱ्यावर कमी, म्हणजे सगळे साधारण एका रेषेत यावेत. जिंकलीस की ओझं वाढलं. मावसभाऊ म्हणाला, "हे तं आपल्या पीककर्जासारखं झालं." मला मात्र तो हिशेब न्याय्य वाटला. त्यानंतर आणखी एक जिंकली, काही वेळा दुसरी-तिसरी आली आणि शेवटच्या शर्यतीत वळणावर लंगडली.

ओक्स, डर्बी असल्या नावाजलेल्या शर्यतींच्या आसपासही ती कधी गेली नाही. आपली इंडियन डर्बी महालक्ष्मीला होते, 1943 पासून, चोवीसशे मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची. ज्या एप्समच्या डर्बीवरून हे सगळं उचललं, ती 1780 पासून चालू आहे आणि तिथे घोडे तीन वर्षांचे. आपण एक वर्ष जास्त थांबतो, हे मला आवडलं.

वंशावळीचा कागद मात्र मैनेचाही रुबाबदार. तिच्या बापाच्या रेषेने वर चढत गेलं की नॉर्दर्न डान्सर लागतो, कॅनडातला 1961 चा बुटका घोडा, ज्याने केंटकी डर्बी मारली आणि नंतर जगभर आपली पिलावळ पसरवली. त्याच्याही वर चढत राहिलं की 1764 साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला इक्लिप्स, जो एकही शर्यत हरला नाही. आणि त्याच्या चार पिढ्या वर सीरियातून इंग्लंडला नेलेला डार्ली अरेबियन. जगातल्या सगळ्या थरोब्रेडच्या बापाच्या रेषा तीनच घोड्यांवर जाऊन थांबतात, आणि त्यांतल्या बहुतेक या एकट्यावर. 1791 पासून इंग्लंडात याची वही ठेवली जाते. आमच्या घराण्याची माहिती पणजोबांपलीकडे नाही. बाबांना जास्त नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मैनेच्या आईकडे आणि बापाकडे चौथ्या-पाचव्या पिढीत तोच एक घोडा दोनदा येत होता, आणि तो मुद्दाम आणलेला होता. गुण पक्का व्हावा म्हणून. "आपन सोयरीक करताना कूळ टाळतो, अन् हे लोक शोधून शोधून आनते!" बाबा दोन दिवस हेच बोलत होते.

इथून पुढचं वर्ष घोडीला रेसमधून उतरवण्यात गेलं, आणि माझ्या मते या सगळ्यातलं खरं काम तेच.

ट्रॅकवरची घोडी दिवसातले बावीस-तेवीस तास तबेल्यात उभी असते. पहाटे घाम काढायचा, परत आत. खायला दाणा भरपूर, वाळलेला चारा मोजका. त्याने पोटात अल्सर होतात, आणि रिकामा वेळ जात नाही म्हणून सवयी लागतात. मैना दारात उभी राहून तासन् तास डावी-उजवीकडे डुलायची. गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळायची. आमच्याकडे आल्यावर आम्ही दाणा हळूहळू कमी केला आणि चारा वाढवला. अंदाज असा की अंगाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुका चारा दिवसाला, म्हणजे आठ-दहा किलो, आणि तो एकदम न देता दिवसभर थोडा थोडा. घोड्याचं पोट लहान, आणि त्याला उलटी करता येत नाही. चुकीचं गेलं की थेट शूळ, आणि शुळाने घोडा काही तासांत मरतो.

चारा आमच्याकडे म्हणजे कडबा. तो बारीक कुट्टी करून, थोडा भिजवून. ज्वारी कोवळी असताना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे गाईबैलांच्या बाबतीत आम्हाला माहीत होतंच. घोड्याला हिरव्या ज्वारीने मूत्राशयाचं आणि मागच्या पायांचं दुखणंही होतं, म्हणून हिरवी ज्वारी पूर्ण बंद. सरकीची ढेप बंद. बैलाला ती अमृत, पण सरकीत जे विषारी द्रव्य असतं ते घोड्याच्या पोटात नको, असं गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्यात मोठी ताकीद त्यांनी दिली ती कोंबड्यांच्या खाद्याबद्दल. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याची रिकामी पोतीसुद्धा आम्ही गोठ्याजवळ येऊ दिली नाहीत. तिला मिळायचं ते भिजवलेले हरभरे थोडे, गव्हाचा कोंडा, मूठभर मीठ आणि बांधावरचं गवत.

मोकळं सोडायचं तर कुंपण हवं. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरांसाठी वावराला काटेरी तार किंवा विजेच्या तारेचं झटका मशीन. घोडा घाबरला की समोरचं बघत नाही. काटेरी तारेत पाय अडकला की कातडी सोलून निघते. आम्ही एक एकर पडीक तुकडा निवडला, काटेरी तार काढली, साधी तार लावून तिच्यावर जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या बांधल्या, म्हणजे तिला लांबून दिसेल. पहिल्यांदा सोडलं तेव्हा ती जागची हललीच नाही. दार उघडं, दोरी काढलेली, आणि घोडी माझ्याकडे बघत उभी. मग गाईच्या मागे हळूच गेली. दोन दिवसांनी संध्याकाळी रोह्यांचा कळप पलीकडून पळाला आणि मैना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी सुटली की माझ्या पोटात गोळा आला. त्या पायाने तिने ते करायला नको होतं. पण तीन पायांवर का होईना, मला पहिल्यांदा कळलं की ताशी साठ किलोमीटर म्हणजे काय असतं.

गाय कामाची नव्हती, ती तिच्यापासून लांब राहायची. डुलणं कमी झालं ते बकरी बांधल्यावर. मोठ्या रेसच्या तबेल्यांतही सोबतीला बकऱ्या ठेवतात, हे मावसभावाने सांगितलं होतं.

पायातले ॲल्युमिनियमचे हलके नाल काढून तिला अनवाणी केलं. ट्रॅकवर खूर पातळ झालेले असतात, त्यामुळे सुरुवातीला ती खडीवरून फुंकून फुंकून चालायची. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खुरात बसला की आतून सडतं आणि घाण वास येतो. रोज खूर खरवडायचे, कोरडे करायचे. गोमाश्यांचा मौसम आला की सर्राची भीती. ताप, अशक्तपणा, पोटाखाली सूज. गोमाशी हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. आमच्याकडे गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाचा धूर आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, दोन्ही चालू. उन्हाळा मात्र मी समजलो होतो तितका वाईट गेला नाही. पंचेचाळीस अंशांतही घोडा घामाने अंग थंड करतो, फक्त पाणी, मीठ आणि सावली तुटू द्यायची नाही.

एक दिवस डॉक्टरांनी नळी माझ्या कानाला लावून दिली. मिनिटाला तीस-बत्तीस ठोके. हेच हृदय शर्यतीत दोनशेच्या वर जातं, म्हणाले. ते सावकाश ठोके ऐकले तेव्हा मला वाटलं, आता ही घोडी रेसमधून बाहेर आली.

गावाला मात्र तिची घाई होती. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवला, आमच्याकडे शंकरपट पुन्हा जोरात सुरू झाले, आणि जो भेटेल तो म्हणायचा, "हिले पटात उतरव ना भाऊ." पट बैलांचा आणि हिचा पाय गेलेला, हे सांगून मी थकलो. दुसरा सल्ला पैदाशीचा. हा मात्र मी मनावर घेतला.

थरोब्रेडची पैदास म्हणजे सोपी गोष्ट नाही, आणि परवडणारी तर नाहीच. आमच्या गाईला डॉक्टर मोटारसायकलवर येऊन नायट्रोजनच्या डब्यातली कांडी भरून जातात. परदेशी वळूचं बीज दारव्ह्यात येतं. पण जगातल्या सगळ्यात महागड्या जनावराला हे चालत नाही. थरोब्रेड शिंगराला वहीत जागा हवी तर नर-मादी प्रत्यक्ष एकत्र यायला हवेत. कांडी नाही, दुसऱ्या घोडीच्या पोटात गर्भ वाढवणं नाही. आपल्या देशाची ती वही, म्हणजे स्टड बुक, पुण्यातून चालते. शिंगरू झालं की त्याची डीएनए तपासणी होते, चिप लागते, तेव्हा नाव चढतं. म्हणजे मैनेला पुन्हा पुण्याकडे नेऊन नावाजलेल्या नराची फी भरायची. आणि दोन बारीक शर्यती जिंकलेल्या घोडीच्या शिंगराला लिलावात विचारणार कोण? मावसभाऊ स्पष्ट म्हणाला, "कागद महाग हाये दादा, शिंगरू नाई."

मग आम्ही कागद सोडून दिला. दिग्रसकडे वरातीचे घोडे ठेवणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे मारवाडी नर होता, काळाभोर, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारी. पाय दणकट, खूर लोखंडासारखे, उन्हाला सरावलेला. मैनेला जे नव्हतं ते सगळं त्याच्याकडे. चाचा म्हणाले, "घोडी तुमची, नर माझा, बाकी अल्लाची मर्जी." फी म्हणून पैसे थोडे आणि हरभऱ्याचं एक पोतं ठरलं.

ट्रॅकवरच्या घोड्या पुष्कळदा माजावरच येत नाहीत, ताण आणि चरबी नसणं यामुळे. मैना वर्षभरात भरली आणि थंडी सरून दिवस मोठा व्हायला लागला तशी फेब्रुवारी 2024 मध्ये नियमित माजावर येऊ लागली. घोडीचा माज पाच-सात दिवस टिकतो, दर एकवीस दिवसांनी परत येतो. गाईसारखा एका दिवसात उरकत नाही, आणि बीज सुटतं ते अगदी शेवटी. म्हणून चाचांच्या अंगणात आधी भिंतीआड नर उभा करायचा आणि मैना काय करते ते बघायचं. कान मागे टाकून किंचाळली तर परत घरी. शेपूट वर करून, मागचे पाय फाकवून शांत उभी राहिली तर तयार. तयार झाली तेव्हा तिच्या शेपटीला स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि एक दिवसाआड नर दाखवला, ती नकार देईपर्यंत.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. एवढ्या लवकर का, तर जुळं आहे का बघायला. घोडीच्या पोटात जुळं जवळजवळ कधीच तडीस जात नाही. दोन्ही वाढत राहिले तर दोन्ही जातात, कधी आईही. म्हणून आधीच एक काढून टाकावा लागतो. पडद्यावर एकच काळा गोल ठिपका होता. मला तो दिसायला वेळ लागला.

अकरा महिने. गाईचे नऊ मोजायची सवय असलेल्या घराला हे दोन महिने फार जड गेले. आई रोज मैनेच्या पोटाला हात लावून काहीतरी हिशेब करायची. व्यायच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात पटकन होतो, आणि शिंगराला पहिलं संरक्षण आईच्या चिकातूनच मिळतं. जानेवारी संपता संपता कास भरली. मग एका संध्याकाळी दोन्ही सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळे थेंब सुकून बसलेले दिसले, आणि शेपटीच्या मुळाजवळचं मांस हात लावला तर पाण्यासारखं ढिलं.

घोड्या रात्री वितात, आणि जवळ माणूस असेल तर थांबवून धरतात. मी आणि डॉक्टर गोठ्याच्या बाहेर, कंदील झाकून बसलो. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की आधी पांढरी पिशवी दिसली तर हात लावायचा नाही. लाल मखमलीसारखी दिसली तर तीच कात्रीने लगेच फाडायची, कारण मग वार आधी सुटलेली असते आणि शिंगराला हवा मिळत नाही. माझ्या हातात कात्री होती आणि हाताला घाम. मध्यरात्रीनंतर मैना खाली बसली, उठली, परत बसली. पाणी फुटलं. पिशवी पांढरी होती. आत एक पाय थोडा पुढे, दुसरा थोडा मागे, आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक, जसं असायला हवं तसं. अर्ध्या तासाच्या आत शिंगरू गवतावर. गाईला लागतो त्यापेक्षा किती कमी वेळ! घोडीची कळ इतकी जोरात असते की काही अडलं तर हातात वेळच उरत नाही.

मी आधी खूर बघितले. तळाला पिवळसर, रबरासारखी मऊ झालर, माशाच्या कल्ल्यासारखी लोंबणारी. आईच्या पोटाला आतून खूर लागू नये म्हणून ती असते. शिंगरू उभं राहून चालायला लागलं की काही तासांत झिजून जाते. नाळ आम्ही तोडली नाही. मैना उठली तेव्हा ती आपोआप तुटली, मग बेंबी औषधात बुडवली. शिंगरू तीन वेळा पडलं, चौथ्यांदा चारही पाय चार दिशांना करून उभं राहिलं. तासाभरात उभं, दोन तासांत पिणं, तीन तासांत वार पडणं, हे गणित डॉक्टर घड्याळ बघून मोजत होते. वार पडली तशी त्यांनी ती अंगणात पसरून तुकडान् तुकडा जुळवून बघितली. गाईची वार उशिरा पडली तरी आपण निभावून नेतो. घोडीच्या पोटात तिचा तुकडाही राहिला तर तिचे पाय जातात.

गाय व्याली की आमच्याकडे खरवस होतो. या वेळी आईने विचारलंसुद्धा नाही. घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळतच नाही, सगळी चिकातूनच, आणि तीही पहिल्या काही तासांत. माझी आई एकटक त्या पिणाऱ्या तोंडाकडे बघत होती.

नवव्या दिवशी शिंगराला हगवण लागली. घाबरलो नाही, कारण व्याल्यावर सात-दहा दिवसांत घोडी परत माजावर येते आणि त्याच सुमारास शिंगराचं पोट बिघडतं. स्टड फार्मवाले याच माजात पुढचा नर दाखवतात. अकरा महिने गाभण राहणारी घोडी दरवर्षी शिंगरू द्यायची तर एक महिनाही वाया घालवता येत नाही. चाचांचाही निरोप आला. आम्ही नाही म्हणालो. तिला या वर्षी फक्त दूध पाजायचं होतं, आणि मला झोपायचं होतं.

खर्चाचं विचाराल तर चारा, दाणा, नालबंद आणि डॉक्टर मिळून महिन्याला इतकं जातं की कापसाच्या भावाकडे मी वर्षभर फक्त याच हिशेबाने बघतो. मैना कमावत काही नाही. घोडी पाळून पैसे कमवायचा विचार असेल तर सरळ दोन म्हशी घ्याव्यात.

शिंगरू नर आहे. रंग आईचा, खूर बापाचे. कान अर्धेच वळलेले, मारवाडीसारखे एकमेकांना भिडत नाहीत आणि थरोब्रेडसारखे सरळही उभे राहत नाहीत. त्याच सुमारास एकविसाव्या पशुगणनेचे प्रगणक मोबाइल घेऊन घरोघर फिरत होते. 2019 च्या गणनेत देशातले घोडे-तट्टू तीन लाख चाळीस हजारांवर आले होते, आधीच्या गणनेपेक्षा निम्म्याच्या जवळपास कमी, त्यामुळे आमच्या दारात दोन सापडल्याचा त्यांना आनंद झाला. मैनेचा पासपोर्ट त्यांनी कौतुकाने चाळला. शिंगराची जात विचारली. मी म्हटलं, आई थरोब्रेड, बाप मारवाडी. त्यांनी मोबाइलमध्ये वर-खाली बोट फिरवलं, परत विचारलं, परत फिरवलं.

"भाऊ, अशी जात दिसत नाई इथं. गावठी टाकू का?"

बाबा बाजेवरून म्हणाले, "टाका साहेब. गावातच झालं ना ते."